सीए अर्धवट राहिलंय? नोकरीच्या अर्जात या चुका टाळा

गोव्यात कॉमर्सच्या कुठल्याही वर्गात डोकावलं तर सीएसाठी नाव नोंदवलेली चार-दोन मुलं सापडतातच. मडगाव असो, फोंडा असो की म्हापसा. फाउंडेशन, इंटर आणि फायनल या सीएच्या तीन पायऱ्या. त्यातली बरीच मुलं इंटरपर्यंत पोचतात, काही फायनलच्या पेपरांच्या दोन ग्रुपांपैकी एक ग्रुप काढतात आणि मग घरची गरज, आजारपण, लग्न किंवा पुन्हा पुन्हा थोडक्यात हुकणारा निकाल यामुळे अभ्यास थांबतो. त्यानंतर वेर्ण्याच्या कारखान्यात, कळंगुटच्या हॉटेलात किंवा पणजीच्या एखाद्या फर्ममध्ये अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करायची वेळ येते. असे अर्ज वाचताना दोन टोकं दिसतात. काहींनी हातात नसलेली पदवी असल्यासारखी लिहिलेली असते, तर काहींनी केलेलं सगळं पुसून फक्त 'बी.कॉम.' एवढंच ठेवलेलं असतं. पहिल्या प्रकारात धोका आहे. दुसऱ्या प्रकारात उमेदवाराचं स्वतःचंच नुकसान आहे, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

नावाला 'सीए' चिकटवणं

नावाच्या आधी 'सीए' लिहायचा हक्क फक्त सीएच्या परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआयच्या) सभासदांना आहे. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सभासद नसताना तसं भासवणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. 'सीए इंटर' हे शब्दसुद्धा नावाला जोडू नका. ती शिक्षणाच्या रकान्यातली माहिती आहे, तिथे ती अभिमानाने लिहा. अर्ज नीट लिहिलेला असतो, पण ईमेलच्या सहीत किंवा लिंक्डइनवर नावाआधी 'सीए' तसंच राहिलेलं असतं. मुलाखत घेणारा तेही उघडून बघतो.

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अनॅलिस्ट) करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथे अर्धी पदवी असा प्रकारच नाही. 'सीएफए लेव्हल २' असं नावापुढे लिहिता येत नाही, 'सीएफए, अपेक्षित अमुक साल' असंही नाही. 'सीएफए प्रोग्रॅमची लेव्हल १ उत्तीर्ण' असं वाक्य मात्र चालतं, कारण ते घडलेलं आहे. स्वतःला 'कॅन्डिडेट' म्हणायचं तर पुढच्या परीक्षेची नोंदणी झालेली हवी. एसीसीए या ब्रिटिश अकाउंटन्सी पात्रतेत सगळे पेपर उत्तीर्ण झाले तरी तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि नीतिमत्तेचं मॉड्यूल पूर्ण झाल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही, तोवर तुम्ही 'अफिलिएट' असता. आखातात अर्ज पाठवणाऱ्या आपल्या मुलांची इथे हमखास गल्लत होते.

'पर्स्युइंग सीए' एवढंच लिहून सोडणं

या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. काल फाउंडेशनला नाव घातलेला मुलगाही हेच लिहितो आणि फायनलचा एकच ग्रुप राहिलेली मुलगीही हेच लिहिते. दोघांच्या पगारात केवढा फरक पडतो! जाहिरातीत 'सेमी क्वालिफाइड सीए' किंवा 'सीए इंटर' मागितलेलं असतं तेव्हा वाचणारा एकच गोष्ट शोधत असतो: इंटरचे दोन्ही ग्रुप निघालेत का?

म्हणून शेवटची पार केलेली पायरी आधी लिहा, तिचा महिना आणि साल द्या, मग आजची स्थिती सांगा. उदाहरणार्थ: 'सीए इंटरमीडिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, मे २०२४ (नवी योजना). फायनल: ग्रुप १ उत्तीर्ण, ग्रुप २ बाकी.' अभ्यास थांबवला असेल तर तेही तितक्याच साधेपणाने लिहा: 'सीए इंटरमीडिएट उत्तीर्ण, नोव्हेंबर २०१९. सध्या फायनलची तयारी सुरू नाही.' पुस्तक दोन वर्षांत उघडलं नसेल आणि नोंदणीची मुदतही उलटली असेल, तर 'पर्स्युइंग' हा शब्द खोटा ठरतो. पहिल्याच भेटीत 'पुढचा अटेम्प्ट कधी?' असं विचारलं जातं आणि तिथे अडखळायला होतं.

योजनेचा उल्लेख आवर्जून करा. २०२३ च्या नव्या योजनेत इंटर आणि फायनलचे पेपर आठांवरून सहावर आले आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. जुन्या पिढीतल्या सीएने तुमच्या अर्जावर 'आर्टिकलशिप: २ वर्षं' एवढंच वाचलं तर तुम्ही मध्येच सोडून आलात असा त्याचा समज होऊ शकतो. तुम्ही आयपीसीसीच्या (इंटरच्या आधीच्या नावाच्या) काळात पास झाला असाल तर तेच नाव लिहा. आजच्या नावाने लिहिलं तर मार्कशीटशी जुळणार नाही.

एखाद्या पेपरातून सूट (एक्झेम्प्शन) मिळण्याबद्दलही घोळ होतो. ग्रुप काढायला प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के लागतात. ग्रुप हुकला पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त गुण असले तर त्या पेपरातून पुढे सूट मिळते. ही सूट म्हणजे ग्रुप उत्तीर्ण होणं नव्हे. तिला 'क्लिअर' म्हणू नका. नोकरी टॅक्सची असेल आणि सूट टॅक्सच्या पेपरातच असेल, तर मात्र 'टॅक्सेशनच्या पेपरात सूट' असं लिहायला हरकत नाही.

आर्टिकलशिप एका ओळीत उरकणं

अर्जातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. पदवी हाती आली नाही म्हणून ती वर्षं मोजायचीच नाहीत, असं मनात धरून लिहिल्यासारखं वाटतं. मग बी.कॉम.नंतरची तीन-चार वर्षं कोरी दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा मुलगा घरी बसून होता. आर्टिकलशिप 'अनुभव' या मथळ्याखाली, नोकरीसारखी लिहा: फर्म, गाव, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आणि स्वतःच्या हाताने केलेलं काम. 'ऑडिट व टॅक्सेशन' याला अर्थ नाही. 'हॉटेलच्या खात्यांचं मासिक जुळवणीकाम, जीएसटीआर-१ आणि ३बी भरणं, पतसंस्थेचं वैधानिक ऑडिट, बँक शाखेच्या ऑडिटमध्ये कर्जखात्यांची तपासणी' असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुमच्या कामाचा अंदाज येतो.

गोव्यातल्या फर्ममध्ये शिकलेल्यांकडे एक जास्तीची गोष्ट असते आणि ती कुणी लिहीतच नाही. इथे पोर्तुगीज नागरी कायद्याखालच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे पती-पत्नीचं पगाराखेरीजचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी कलम ५ अ होतं. मुंबई-पुण्याहून आलेल्या चांगल्या पात्रताधारकालाही हे इथे येऊन शिकावं लागतं. तुम्ही अशी रिटर्न्स भरली असतील तर गोव्यातल्या अर्जात ती ओळ वरच ठेवा.

आर्टिकलशिप पूर्ण झाली असेल तर फॉर्म १०८ (ती पूर्ण झाल्याचा दाखला) जवळ ठेवा. मध्येच सोडली असेल तर जेवढे महिने केले तेवढेच लिहा. गोव्यात सीएंचं वर्तुळ लहान आहे. तुमचे प्रिन्सिपल (ज्यांच्या हाताखाली आर्टिकलशिप केली ते सीए) आणि मुलाखत घेणारे बहुधा एकमेकांना ओळखतात. फोन होतोच. अर्ज टाकण्याआधी सरांना एकदा सांगितलेलं बरं, म्हणजे त्या फोनवर ते तुमच्याबद्दल नीट बोलतील.

'पूर्ण का नाही झालं?' याला लांबण लावणं

उत्तर दोन वाक्यांत द्या. 'वडिलांच्या आजारपणात दोन अटेम्प्ट गेले, मग नोकरी धरली. इंटर आणि आर्टिकलशिप पूर्ण आहे.' बस्स. पेपर तपासणाऱ्यांना दोष देऊ नका, क्लासला देऊ नका, आणि किती वेळा बसलात हे न विचारता मोजून दाखवू नका. विचारलं तर मात्र खरा आकडा सांगा.

परीक्षा द्यायची असेल तर मालकाच्या डोक्यात वेगळीच काळजी असते: ऐन कामात हा महिनाभर रजेवर जाणार, आणि पास झाला की सोडून जाणार. ती मनात ठेवून तुम्हीच विषय काढा. कुठल्या महिन्यात बसणार आणि किती दिवसांची रजा लागेल हे सांगा. हॉटेलात अर्ज केला असेल तर डिसेंबरच्या गर्दीचा विचार करून बोला. 'पुढच्या अटेम्प्टला नक्की निघेल' असं आश्वासन मात्र देऊ नका.

सरकारी अर्जात अंदाजाने रकाना भरणं

सरकारी जाहिरातीत 'सीए' लिहिलं असेल तर इंटर त्यात धरलं जात नाही, इंटर चालत असेल तर तसं स्पष्ट छापलेलं असतं. पात्रता जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत हातात हवी. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर लागलेला निकाल सहसा उपयोगी पडत नाही. फायनलचा निकाल तोंडावर असेल तर पदवीच्या पात्रतेवर बसणाऱ्या जागेलाच अर्ज करा आणि इंटर 'इतर पात्रता' या रकान्यात घाला. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणीच्या ज्ञानाची अट गोवा सरकारच्या बहुतेक जागांना असते. मराठीचं ज्ञान 'इष्ट' म्हणून मागितलेलं असतं, ते लिहायला विसरू नका.

खासगी ठिकाणी अर्ज दिल्यानंतर निकाल लागला, तर पास असो की नापास, त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका. पास झाला असाल तर मार्कशीट जोडा. नापास झाला असाल तर जुन्या अर्जातली 'निकालाच्या प्रतीक्षेत' ही ओळ काढून नवी प्रत पाठवा.