केमो चालू असताना हळदीची कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा : या चुका टाळा

“झाडपाल्याचंच तर आहे, डॉक्टरांना काय सांगायचं?” केमोच्या काळात सगळ्यात महागात पडते ती ही चूक. समजा, केमोच्या तिसऱ्या सायकलआधी (फेरीआधी) एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, चौपट निघालं. डॉक्टरांचा संशय पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधावर जातो, डोस कमी होतो किंवा आठवडाभर पुढे ढकलला जातो. रोज सकाळी पेलाभर गुळवेलीचा काढा पोटात जातोय, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतूनच प्रसिद्ध झाल्या. अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काबाबतही अशा नोंदी आहेत.

स्वयंपाकातली हळद आणि बाटलीतली हळद एकच समजू नका. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. आमटी-भाजीतून दिवसाला दीड ग्रॅम हळद गेली तरी ते ४५ मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. ९५ टक्के अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम असतं. लेबलवर ‘पायपरीन’ लिहिलं असेल तर आणखी सावध व्हा. काळ्या मिरीतलं हे द्रव्य कर्क्युमिनचं शोषण कित्येक पटींनी वाढवतं. शिवाय डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम मंदावू शकतं. औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळलं की काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) जास्त खाली येतात. आमटीतली हळद राहू द्या, कॅप्सूल थांबवा.

अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलंच, हा समज फार खोल रुजलाय. पण रेडिएशन आणि लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध पेशी मारतात ते काही अंशी फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर कण) तयार करूनच. ते विझवणाऱ्या गोळीला निरोगी पेशी कोणती आणि गाठीतली कोणती, हे कळत नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. केमोआधी आणि केमोदरम्यान अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याकडे कल जास्त दिसला. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण ‘घेतल्यानं नुकसान तर नाही’ हे म्हणणंही टिकत नाही. मायलोमासाठी (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर ग्रीन टीचा अर्क पूर्ण टाळा. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य औषधालाच चिकटून त्याला निकामी करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

उलटी चूकही होते : घाबरून सगळंच बंद करणं. पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाबरोबर रोज फॉलिक ॲसिड आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२चं इंजेक्शन लागतंच. ते चुकलं तर तोंड येतं, काउंट कोसळतात. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी घेणाऱ्याला मात्र मल्टिव्हिटॅमिनमधलं तेच फॉलिक ॲसिड जुलाब आणि हातापायांची सोलवटणारी कातडी वाढवू शकतं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला चाललेली गोळी आपल्याला चालेलच असं नाही, ते यामुळेच.

गव्हांकुराच्या रसाचा धोका निराळा. ट्रेमधली ओली माती, दाट वाढलेली पाती, बुडाशी पांढरी बुरशी, आणि ते न शिजवता वाटून प्यायचं. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा असा कच्चा रस नकोच. कोरफडीचा रसही नको, जुलाब झाले तर पोटॅशियम उतरतं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला की काढा किंवा पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. गोळीनं ताप झाकला जातो, संसर्ग वाढत राहतो. रात्र असली तरी लगेच रुग्णालयात जा.

डॉक्टरांना न सांगता असं काही घेत असाल तर ते आज थांबवा आणि पुढच्या सायकलआधी सांगा. सगळ्या बाटल्या, चूर्णाच्या पुड्या, भस्मं एका पिशवीत घालून ओपीडीत न्या. सुट्ट्या पुड्यांवर नाव नसतं, म्हणून वैद्यांकडून घटक लिहून घ्या. भस्मांमध्ये पारा किंवा शिसं असू शकतं. कागदावर तीन गोष्टी लिहा : कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटचा डोस कधी. तो कागद केमोच्या फाइलमध्ये रक्ताच्या रिपोर्टांच्या वर लावा.