स्क्रीनबाहेर गेलेली विंडो परत कशी ओढायची

विंडोजमध्ये टास्कबारवर प्रोग्रामचं चिन्ह दिसतं, खाली रेघही असते, पण कितीही क्लिक केलं तरी स्क्रीनवर काही येत नाही. अशा वेळी प्रोग्राम काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. बहुतेक वेळा पुन्हा टाकल्यावरही विंडो तिथंच उघडते.

बरेच प्रोग्राम बंद होताना आपली जागा आकड्यांत लिहून ठेवतात. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर आडवं माप ० ते १३६५. डाव्या हाताला १९२० रुंदीचा दुसरा मॉनिटर मांडला असेल तर त्याची मापं उणे १९२० पासून सुरू होतात. खानापुरातल्या शाळेत प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप घरी आणला की प्रोजेक्टर तिथंच राहतो, पण प्रोग्रामच्या टिपणात त्याचीच जागा असते. एखादा प्रोग्राम ते न तपासता तिथं जाऊन उघडतो.

हमखास उपाय कीबोर्डचा. आधी ऑल्ट-टॅबने ती विंडो निवडा. मग ऑल्ट धरून स्पेस दाबा, विंडोचा मेनू उघडतो. दोन्ही सोडून मूव्हसाठी एम. आता कुठलीही बाणाची कळ एकदा दाबा आणि मग माऊस हलवा: विंडो कर्सरला चिकटून आत येते. क्लिक केलं की सुटते. बाणाची कळ न दाबता नुसता माऊस फिरवत बसणं ही नेहमीची चूक. मध्येच एस्केप दाबलंत तर विंडो परत होती तिथं जाते.

एम दाबून काहीच होत नसेल तर आधी कीबोर्डची भाषा बघा. बेळगाव-निपाणीकडच्या डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्येही लागतात, त्यामुळं कीबोर्ड दिवसभर इकडून तिकडे बदलत असतो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी, चालू असताना एमच्या कळीवर मराठीत 'स' असतो आणि कन्नडमध्येही 'स'च. विंडोज-स्पेसने इंग्रजीवर या, किंवा अक्षर सोडून बाणाने खाली जा. मेनूत वरून पहिलं रिस्टोअर, दुसरं मूव्ह. विंडोज कन्नडमध्ये असलं तरी क्रम तोच. मूव्ह फिकट दिसत असेल तर विंडो स्क्रीनभर मोठी केलेली किंवा टास्कबारवर मिटलेली (मिनिमाइझ) आहे. आधी रिस्टोअर, मग मूव्ह.

ऑल्ट-स्पेसवर दुसरंच काही उघडत असेल तर ती जोडी एखाद्या नव्या प्रोग्रामनं घेतलेली असते. मग त्याच मेनूसाठी शिफ्ट धरून टास्कबारवरच्या चिन्हावर राइट-क्लिक करून बघा. दुसरा मॉनिटर अजून जोडलेला असेल तर विंडोज-शिफ्ट-डावा किंवा उजवा बाण सगळ्यात झटपट. एकच मॉनिटर असेल तर त्याचा उपयोग नाही. नुसतं विंडोज-डावा बाणही बऱ्याच विंडो आणतो, मात्र ठरावीक मापाच्या छोट्या चौकटी हलत नाहीत. विंडोज १० मध्ये टास्कबारवर राइट-क्लिक करून कॅस्केड (सगळ्या विंडो एकामागे एक मांडणं) मिळतं, ११ मध्ये ते काढून टाकलंय.

विंडो आत आली की प्रोग्राम एकदा नीट बंद करून पुन्हा उघडा. टास्क मॅनेजरमधून मारलात, किंवा नेमकी त्याच वेळी लाईट गेली, तर नवी जागा लिहिली जात नाही आणि उद्या पुन्हा तेच. नीट बंद करूनही बाहेरच उघडत असेल तर सेटिंगच्या फाईलीत किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) प्रोग्रामच्या नावाखाली लेफ्ट, टॉप असले आकडे हुडका. तिथं उणे ३२००० दिसलं तर समजा की मिटलेल्या विंडोचीच जागा लिहिली गेली. मिटलेल्या विंडोला विंडोज तोच आकडा देतं. प्रोग्राम बंद ठेवून, मूळ नोंदीची प्रत काढून मगच १०० लिहा, नाहीतर बंद होताना तो आपला जुना आकडा परत लिहितो.

चौकटीचं ओके बटण स्क्रीनखाली गेलं असेल तर प्रकार वेगळा. स्केल, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं दाखवायचं सेटिंग, १२५ टक्के असलं की ७६८ ची उंची प्रत्यक्षात ६१४ इतकीच उरते. वरच्याच रीतीने मूव्ह निवडून वरचा बाण दाबत राहा. घाई असेल तर टॅब दाबत बटणापर्यंत जाऊन एंटर, पण बटण दिसत नाही तोवर ते ओके की कॅन्सल हे कळत नाही. स्केल १०० वर आणलेलं बरं.