लॉग म्हणजे नुसता घात आहे हो: नियम, टेबल आणि तो बारचा घोळ

अकरावी सायन्सला गेलं की थोड्याच दिवसांत फर्मान निघतं, लॉग टेबल विकत आणा. मग ते पातळ पुस्तक येतं, आत नुसते आकडेच आकडे, आणि पोरं ३४च्या ओळीत बोट ठेवून ५च्या खाली बघायला शिकतात पण आपण नेमकं काय शोधतोय हे बऱ्याच जणांना बारावी संपेपर्यंत कळत नाही. टाळताही येत नाही, कारण एचएससीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरावर सूचनाच छापलेली असते की लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. म्हणून हे नीट बसून एकदा समजून घ्या, एका संध्याकाळीत होण्यासारखं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉगचे नियम म्हणून वेगळे काही नियम नाहीतच. आठवीत घातांकाचे जे नियम केले तेच हे, फक्त दुसऱ्या बाजूने बघितलेले. ज्याला घातांक येतात त्याला लॉग येतातच, फक्त त्याला ते माहीत नसतं.

आता बघा. १० चा दुसरा घात १००, तिसरा घात १०००. उलटं विचारलं की १००० हा १० चा कितवा घात? तर ३. ह्या "कितवा"चं जे उत्तर तोच लॉग. लॉग १०० = २, लॉग १००० = ३, लॉग १० = १. आणि लॉग १ = ० कारण कुठल्याही (शून्य सोडून) संख्येचा शून्यावा घात १ असतो. ०.०१ म्हणजे १०चा उणे दुसरा घात, म्हणून लॉग ०.०१ = -२. ज्याचा घात घेतोय तो १० इथे बेस. बेस दुसरा पण असू शकतो, २ चा पाचवा घात ३२ म्हणून बेस २ ला लॉग ३२ = ५. शाळा-कॉलेजात बेस लिहिला नसेल तर १० समजायचा, टेबलपण १०चंच असतं.

शून्याचा लॉग विचारू नका आणि ऋण संख्येचाही नाही, १०ला कसाही घात द्या, उत्तर शून्य किंवा ऋण येतच नाही.

मग ५०चं काय? १० पेक्षा मोठा, १०० पेक्षा लहान, म्हणजे घात १ आणि २च्या मधला कुठलातरी. तो १.६९९० आहे. अपूर्णांकातला घात म्हणजे काय असं डोक्यात येत असेल तर वर्गमूळ आठवा, १०चा अर्धा घात म्हणजे १०चं वर्गमूळ, ३.१६२. म्हणजे लॉग ३.१६२ = ०.५. एवढंच.

हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, लॉग २ तर तुम्ही स्वतः काढू शकता. २चा दहावा घात १०२४. आता १०२४ म्हणजे जवळजवळ १०००, म्हणजे १०^३ (घातासाठी मी पुढे हेच ^ चिन्ह वापरतो). तर २^१० ≈ १०^३, म्हणून २ ≈ १०^०.३. टेबलात बघाल तर ०.३०१०. डोक्यात काढलेलं उत्तर पहिल्या दोन अंकांपर्यंत बरोबर! तसंच ७ × ७ = ४९, हे ५०च्या जवळ, म्हणजे लॉग ७ साधारण १.६९९०च्या निम्मा, ०.८४९५. खरा ०.८४५१. हा खेळ एकदा करून बघाच, टेबलाची भीती जाते.

आता नियम. १०^३ × १०^२ = १०^५, गुणताना घातांची बेरीज होते. घात म्हणजेच लॉग, म्हणून

लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब

भागताना घातांची वजाबाकी, म्हणून

लॉग (अ ÷ ब) = लॉग अ – लॉग ब

घाताचा घात घेताना गुणाकार, म्हणून

लॉग (अ^न) = न × लॉग अ

संपले नियम. लॉग २ = ०.३०१० आणि लॉग ३ = ०.४७७१ एवढे दोन पाठ असले तर लॉग ६ म्हणजे बेरीज, ०.७७८१. लॉग ५ म्हणजे १० भागिले २, १ – ०.३०१० = ०.६९९०. लॉग ८ म्हणजे ३ × ०.३०१० = ०.९०३०, टेबलात ०.९०३१ दिसेल, चार अंकांत कापल्यामुळे शेवटचा अंक असा एकाने इकडेतिकडे होतो, त्याने घाबरायचं नाही.

तिसऱ्या नियमाची खरी ताकद बघायची तर सांगा २^१०० ही संख्या किती अंकी? साधा कॅल्क्युलेटरही नीट सांगणार नाही. १०० × ०.३०१० = ३०.१०. म्हणजे ती १०^३० आणि १०^३१ च्या मध्ये, म्हणजे ३१ अंकी. झालं, एका ओळीत.

चुका कुठे होतात तर बहुतेक सगळ्या एकाच ठिकाणी. लॉग (अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब असं धरून चालणारे वर्गात निम्मे असतात. नाही हो! लॉग (२ + ३) म्हणजे लॉग ५ म्हणजे ०.६९९०, आणि लॉग २ + लॉग ३ = ०.७७८१, तो तर ६चा लॉग झाला. बेरजेच्या लॉगला कुठलाही नियम नाही, आधी आतली बेरीज करा मग लॉग घ्या. दुसरी चूक, लॉग अ भागिले लॉग ब आणि लॉग (अ ÷ ब) एकच समजणं. पहिल्यात दोन लॉग काढून खरोखर भागायचं, त्याने बेस बदलतो. लॉग ८ ÷ लॉग २ = ०.९०३१ ÷ ०.३०१० = ३, आणि हा बेस २ ला ८चा लॉग. दुसऱ्यात वजाबाकी.

बेस बदलण्यावरून आठवलं, केमिस्ट्रीत तो २.३०३ कुठून येतो हे कोणी सांगतच नाही, नुसता पाठ करून घेतात. निसर्गातल्या वाढी-घटीच्या गणितात बेस १० नसून ई नावाची संख्या असते, साधारण २.७१८. ई चा २.३०३ वा घात केला की १० येतात. म्हणून टेबलातल्या लॉगला २.३०३ने गुणलं की ई बेसचा लॉग मिळतो, तेवढंच त्याचं काम. आणि फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनच्या हाफ लाइफमधला (पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ) ०.६९३? २.३०३ × ०.३०१० करून बघा. निम्मं उरलं म्हणजे २ने भागलं, म्हणून लॉग २. दोन आकडे वेगवेगळे पाठ करायची गरजच नव्हती.

आता टेबल. टेबलात फक्त १ ते १० मधल्या संख्यांचे लॉग असतात, बाकी जगातल्या सगळ्या संख्या आपण त्यात बसवायच्या. ३४.५७ घ्या. आधी ३.४५७ × १०^१ असं लिहा. १०चा जो घात आला, १, ते कॅरॅक्टरिस्टिक. "दशांशचिन्हाच्या डाव्या बाजूचे अंक मोजा आणि एक वजा करा" हा नियम पाठ करू नका, ०.००४ सारखी संख्या आली की तो उलटा पडतो, घात लिहायची सवय लावा म्हणजे कधीच चुकत नाही. मग टेबलात ३४ची ओळ, ५चा रकाना: ५३७८. त्याच ओळीत उजवीकडे मीन डिफरन्समध्ये (चौथ्या अंकासाठी किती मिळवायचं ते देणारे रकाने) ७च्या खाली ९. ५३७८ + ९ = ५३८७. हा मॅन्टिसा. तर लॉग ३४.५७ = १.५३८७.

आता ०.०८२६. म्हणजे ८.२६ × १०^-२. मॅन्टिसा ८२च्या ओळीत ६खाली, ९१७०. कॅरॅक्टरिस्टिक -२. हे बार २.९१७० असं लिहितात, बार म्हणजे डोक्यावरची आडवी रेघ, ती फक्त २वर, आणि त्याचा अर्थ -२ + ०.९१७०. इथेच सगळा घोळ होतो. पोरगं घरी येऊन मोबाइलवर चेक करतं, तिथे दिसतं -१.०८३०, मग त्याला वाटतं टेबल चुकलं नाहीतर आपण चुकलो. दोन्ही बरोबर आहेत, -२ मध्ये ०.९१७० मिळवा, -१.०८३०च येतात. टेबलात मॅन्टिसा कायम धन असतो म्हणून आपण ऋणपणा सगळा पुढच्या आकड्यावर ढकलतो, हातउसने दिल्यासारखं वेगळं लिहून ठेवायचं.

आता ३४.५७ आणि ०.०८२६ ह्या दोघांचा गुणाकार करू. ०.५३८७ + ०.९१७० = १.४५५७, त्यातला १ हातचा. पुढचे आकडे १ + १ – २ = ०. उत्तर ०.४५५७. आता अँटीलॉगच्या (लॉगवरून मूळ संख्या शोधायच्या) पानावर .४५ची ओळ, ५चा रकाना २८५१, डिफरन्स ७खाली ५, झाले २८५६. कॅरॅक्टरिस्टिक ० म्हणजे १०^०, तर २.८५६. खरा गुणाकार २.८५५४८२ आहे, म्हणजे चौथ्या अंकात थोडा फरक, चार अंकी टेबलाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

बारला भागायचं असेल तर एक युक्ती लागते. ०.०८२६चं घनमूळ काढायचंय, म्हणजे बार २.९१७० ला ३ने भागायचं. -२ला ३ने नीट भाग जात नाही, म्हणून -३ करा आणि १ पलीकडे द्या: -३ + १.९१७०. आता भागा, -१ + ०.६३९०, म्हणजे बार १.६३९०. अँटीलॉग ४३५५, घात -१, उत्तर ०.४३५५. बार न बघता सरळ २.९१७०लाच ३ने भागणारे पण बघितलेत, त्यांचं उत्तर ९च्या वर जातं. एकपेक्षा लहान संख्येचं घनमूळ ९ कसं येईल? उत्तर आलं की एवढा विचार तरी करा, अर्धे मार्क तिथेच वाचतात.

हे सगळं सुरू झालं ते मुळात आकडेमोड वाचवायला. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४मध्ये पहिलं टेबल छापलं, पण त्याचे लॉग आपल्यासारखे नव्हते. लंडनचा हेन्री ब्रिग्ज १६१५ला त्याला भेटायला थेट एडिंबरोला गेला आणि दोघांच्या बोलण्यातून १०चा बेस ठरला. मग ब्रिग्जने १६२४मध्ये चौदा दशांशस्थळांपर्यंतचं टेबल काढलं, हाताने! आपण चार अंकांना कंटाळतो.

आता आकडेमोड मोबाइल करतो, पण लॉग मोजमापात घुसून बसलाय. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, ६.२चा. भूजचा, २६ जानेवारी २००१, ७.७चा. फरक दीडचा दिसतो, पण भूकंपाच्या मापात एक आकडा वाढला की ऊर्जेचा लॉग दीडने वाढतो. १.५ × १.५ = २.२५, अँटीलॉग काढा, १७८. भूजला साधारण १७८ पट ऊर्जा बाहेर पडली. (किल्लारीत तरीही हजारो माणसं गेली, कारण पहाटे सगळे झोपेत होते आणि घरं जड दगडमातीची होती, ते ह्या आकड्यात दिसत नाही.)

आवाज मोजायच्या डेसिबलचंही तेच, १० × लॉग. पथकात एक ढोल वाजतोय तिथे ५० झाले, सगळे सारख्याच जोरात आणि सारख्याच अंतरावर धरू, तर वाढ १० × १.६९९० म्हणजे १७ डेसिबल. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ची आहे आणि मीटर ८५ दाखवत असेल तर "तीसच तर जास्त आहे" म्हणणाऱ्याला सांगा, आवाजाची तीव्रता हजार पट आहे. पीएच (आम्लता मोजायचं माप) पण लॉगच, फक्त चिन्ह उलटं: हायड्रोजन आयन २ × १०^-५ असतील तर लॉग ०.३०१० – ५, म्हणून पीएच ४.६९९.

सरावाला दोन देतो. ३^५० किती अंकी? (२४.) आणि ६.२५४ × ०.००३१८ टेबलाने करा: ०.७९६२ अधिक बार ३.५०२४, बेरीज बार २.२९८६, अँटीलॉग १९८९, उत्तर ०.०१९८९. तुमचं ०.०००१९८९ आलं असेल तर हातच्याचा १ बारमध्ये मिळवताना गडबड झालीय, तेवढीच ओळ परत करा.