बदकाचं पिल्लू मलूल पडलंय? आधी ऊब, मग पाणी, खाणं शेवटी

पिल्लू मान टाकून बसलं की घरातलं प्रत्येक जण ड्रॉपर शोधायला पळतं, आमच्या आई तर थेट दूध पाजायला निघाल्या होत्या. थांबा जरा. गारठलेल्या पिल्लाला काही पचत नाही, आणि जबरदस्तीने पाजलं तर पाणी श्वासनलिकेत जातं न् हातातच खेळ खलास. त्याचे पाय बोटात धरून बघा, गार लागले तर आधी ऊब द्यायची.

आम्ही निफाडकडचे, इथे थंडीत पारा 10 च्या खाली सहज येतो, लोक द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात, तिथे मूठभर जिवाचं काय. द्राक्षाचा रिकामा बॉक्स घ्या, त्याला हवेची भोकं आयतीच असतात. एका कोपऱ्यावर 60 चा जुना पिवळा बल्ब टांगा (एलईडी तापत नाही, उपयोग शून्य). पहिल्या आठवड्यात बल्बखाली 32 ते 35 डिग्री, पुढे दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी. दुसरा कोपरा बिनबल्बचा ठेवा, म्हणजे उकडलं की ते स्वतःच सरकतं. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. आणि खाली पेपर नको हां, त्यावर पाय घसरून फाकतात, जुना टॉवेल टाका.

अंग गरम झालं की कोमट पाण्यात चिमूटभर गूळ. थेंब चोचीच्या कडेला लावायचा, जीभ हलवून ते स्वतः ओढतं, चोच उघडून ओतायचं नाही. उभं राहायला लागलं की वाटी ठेवा, नाकपुड्या बुडतील एवढी खोल, कारण बदक नाक पाण्यातच धुतं, पण वाटीत खडे टाका म्हणजे अख्खं आत बसणार नाही. आईविना वाढणारं पिल्लू पटकन भिजतं न् परत गारठतं, त्यामुळे टबात पोहायला सोडायची हौस नंतर.

खायला चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) भिजवून. आता खरी गोम, कोंबडीच्या खाद्यातलं नायसिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) बदकाला कमी पडतं, मग पाय वाकतात, पिल्लू ढोपरावर चालतं आणि आपल्याला वाटतं लागलं असेल कुठेतरी. ब्रुअर्स यीस्ट किंवा पक्ष्यांचं बी-कॉम्प्लेक्स आणा, प्रमाण बाटलीवर असतं. मटार कुस्करून दिले तरी चालतात. शेंगदाणा पेंड मात्र अजिबात नको, बुरशी लागलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लांना सगळ्यात लवकर मारतं.

मान पाठीकडे वळून पाय झाडत असेल तर घरचे उपाय बंद, बाकीच्यांपासून वेगळं करा आणि डॉक्टर गाठा. एका दवाखान्यात मला "गाय-म्हैस असेल तर आणा" ऐकवलं होतं, म्हणून आधी फोन करून विचारा. नांदूरमध्यमेश्वरकडे (आमच्या जवळचं पक्षी अभयारण्य) रानटी पिल्लू सापडलं असेल तर पाळायचं नाही, वनविभागाला कळवायचं.

एकटं पिल्लू सारखं ओरडतं, बॉक्समध्ये छोटा आरसा ठेवला की त्याला चिकटून झोपतं. दोन-तीन दिवस नीट खाल्लं की बाकीच्यांशेजारी जाळीआड ठेवा, एकदम मध्ये सोडलं तर टोचून बेजार करतात.