‘वयच झालंय हो!’ आणि पुढच्या चुका

आमच्या सासूबाई नऊ वर्षं डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात होत्या. त्या गेल्या, तरी मी महिन्यातून एकदा कोथरूडला कुटुंबीयांच्या गटात जाऊन बसते. नव्याने आलेली माणसं चहा यायच्या आत विचारतात, ‘आईंना ठेवायला एखादं चांगलं होम सांगा ना.’ आईंना नेमकं काय झालंय असं विचारलं, की उत्तर येतं, ‘वयच झालंय हो!’

अहो, आधी तपासा तरी. बी-१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, मन खचलं, पडल्यावर डोक्यात रक्त साकळलं, तरी माणूस विसरायला लागतो, आणि यावर उपचार असतात. कालपर्यंत बरी असलेली आजी दोन दिवसांत भलतंच बोलायला लागली, तर लघवीची तपासणी आधी करा. जंतुसंसर्गाने असं होतं. स्मरणशक्तीची टॉनिकं आणि मोबाईलवरची कोडी हा वेळ घालवायचा उद्योग आहे. राग आला तरी चालेल.

आता माझा दुखरा विषय : सही.

सासूबाईंची पेन्शन त्यांच्या एकटीच्या खात्यात यायची. एके दिवशी चेक परत आला, कारण त्यांनी माहेरच्या नावाने सही केली होती. पुन्हा करायला सांगितली, पुन्हा तेच. आम्ही हसलो. तेव्हाच जागं व्हायला हवं होतं, पण आम्ही वर्षभर ‘बघू’ म्हणत राहिलो. मग दीर नोटरीकडून मुखत्यारपत्र, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, करून आले. अर्ध्या तासात काम झालं म्हणून खूश. बँकेने ते घेतलं नाही, आणि वकिलांनी आम्हालाच झापलं : मुखत्यारपत्र करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळायला हवं, आणि त्याचं भान गेलं की आधी केलेलं मुखत्यारपत्रही संपतं. शेवटी त्यांचे व्यवहार बघणारा कायदेशीर पालक नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. अर्ज, डॉक्टरांचे दाखले, तारखा, आणि तोवर औषधांचा खर्च आमच्या खिशातून.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. निदान झालं त्याच आठवड्यात बँक गाठा. सुरुवातीच्या काळात माणसाला व्यवहार कळत असतो. त्यांच्याच संमतीने खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं जोडखातं करा, नॉमिनी तपासा, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून करा. एफडी वेगळी बघा. मुदतीआधी मोडायची तर जोडखात्यातही बहुधा दोघांच्या सह्या मागतात. सही नुसती थरथरत असेल, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा माणूस हवा. नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रांगेत नेऊ नका. तो फोनवर चेहरा दाखवूनही होतो.

त्या सहीचा अर्थ मला उशिरा लागला. पुढच्या पावसाळ्यात सासूबाई दुपारी दार उघडून निघून गेल्या. आम्ही सोसायटी पालथी घातली. चौकीत कोणीतरी म्हणालं, ‘चोवीस तास थांबा.’ असा काही नियम नाही. लगेच ११२ लावा. त्या सापडल्या सदाशिव पेठेत, माहेरचा वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीखालच्या स्टेशनरीच्या दुकानात. दुकानदाराला विचारत होत्या, ‘आई आत आहे का?’ तेव्हापासून त्यांच्या ब्लाउजला आतून फोन नंबर शिवलेला असे. गळ्यातलं कार्ड त्या काढून ठेवायच्या, म्हणून शिवलेला. आणि माहेरचा पत्ता आमच्या फ्रिजवर.

बाकीच्या चुका पटकन सांगते. ‘मला ओळखलंस का?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘आई जाऊन तीस वर्षं झाली’ हे रोज नव्याने सांगू नका, त्यांना ते रोज नव्यानेच लागतं. सांभाळायला ब्युरोच्या मावशी येतील तो पहिला आठवडा कोणीतरी घरी थांबा. शेजाऱ्यांपासून लपवू नका, उद्या म्हातारं माणूस गेटबाहेर दिसलं तर हटकणार तेच आहेत. ज्येष्ठ नागरिक संघातही सांगून ठेवा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. रात्री तीनला तुमचाच धीर सुटला, तर १४४१६ वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. मी दोनदा रडलेय तिथे.

आणि होमच बघायचं असेल तर तिन्हीसांजेला जा. तेव्हाच या आजाराच्या माणसांची तगमग वाढते, ‘घरी जायचंय’ सुरू होतं, आणि नेमकी तेव्हाच मावशांची पाळी बदलत असते. बागेतली फुलं सकाळी अकराला कुठेही छानच दिसतात.