विममध्ये अडकलेल्या सोलापूरकरांसाठी: बाहेर पडायचं कसं आणि आत बसून काम उरकायचं कसं

निम्मे लोक ज्यासाठी आलेत ते आधीच सांगून टाकतो. विम म्हणजे काळ्या स्क्रीनवर (टर्मिनलात) फाइल लिहायचा-बदलायचा एडिटर. त्यात अडकलात तर एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. केलेला बदल जाईल पण सुटाल. बदल ठेवायचा असेल तर कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. कोलन म्हणजे शिफ्ट धरून एलच्या शेजारचं बटण. एवढंच पाहिजे होतं त्यांनी खुशाल चहाला जावं, बाकीच्यांनी बसा.

आता हे शिकायचं कशाला बे, माऊस आहे की, असं म्हणणारे भेटतातच. आपल्याकडं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरवाल्यांचं पण ऑर्डरचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी भाड्याच्या सर्व्हरवर चालतंय, तिथं एसएसएच करून, म्हणजे इथूनच त्या सर्व्हरला जोडून, गेलात की नुसती काळी स्क्रीन, माऊस नाय खिडक्या नाय, आणि तिथं काय नसलं तरी व्हीआय (विमचा जुना अवतार) नाहीतर विम बहुतेक असतंच. म्हणून हेच शिका. शंभर कमांड पाठ करायची गरज नाय, जोडणी कशी होते ते कळलं की बास.

पहिली गोष्ट मोड. विम उघडलं की तुम्ही नॉर्मल मोडमध्ये असता, इथं प्रत्येक बटण म्हणजे हुकूम, अक्षर नव्हे, म्हणून नवीन माणूस नाव टाइप करायला जातो आणि ओळी गायब व्हायला लागतात. लिहायचं असेल तर आय दाबा, खाली इन्सर्ट असं दिसतं, मग लिहा. लिहून झालं की लगेच एस्केप. ही सवय हाताला लागली पाहिजे, लिहिलं की एस्केप, लिहिलं की एस्केप, विचार करत बसायचं तेही नॉर्मल मोडमध्येच. एस्केप लांब वाटत असेल तर कंट्रोल आणि चौकोनी कंसाचं उघडतं बटण एकत्र दाबा, तेच काम होतं. आयचे भाऊबंद पण लक्षात ठेवा: ए म्हणजे कर्सरच्या पुढून लिहा, मोठा ए म्हणजे ओळीच्या शेवटी जाऊन लिहा, ओ म्हणजे खाली नवी ओळ, मोठा ओ म्हणजे वर नवी ओळ. मोठा म्हणजे शिफ्ट धरून.

आणि इथंच आपल्या मराठी लोकांची एक खास गोची आहे जी इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाय. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगची मांडणी) राहिला आणि तुम्ही एस्केप मारून जे अक्षराचं बटण दाबलं, तर विमला इंग्रजी जे मिळतच नाय, र मिळतो. आय दाबलं तर ग जातो, डी दाबलं तर हलंत. विमला ह्यातलं काहीच कळत नाय, तो गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं हँग झालं. आधी भाषा इंग्रजीवर आणा, मग हुकूम द्या. शिवाय बऱ्याच टर्मिनलात जोडाक्षरं विस्कटलेली दिसतात आणि कर्सर भलतीकडंच उभा राहतो, त्यामुळं सर्व्हरवरच्या फाइलीत पार्टीची नावं इंग्रजी अक्षरातच ठेवलेली बरी, माझं तरी हेच मत आहे. तशीच कॅप्स लॉकची गंमत. ते चालू राहिलं तर जे अक्षराचं बटण दाबल्यावर खाली जायचं सोडून दोन ओळी चिकटून एक होतात. घाबरू नका, कॅप्स बंद करून यू दाबा, उलटं फिरतं. जास्तच मागं गेलात तर कंट्रोल आर.

हिंडायला एच डावीकडं, जे खाली, के वर, एल उजवीकडं. ही बटणं उगाच नाय निवडली. बिल जॉयनं 1976 च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात व्हीआय लिहिलं तेव्हा त्याच्यापुढं जे एडीएम-3ए नावाचं टर्मिनल (तेव्हाचं स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र) होतं त्याच्या ह्याच चार बटणांवर बाण छापलेले होते, आणि एस्केप होतं आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे बोटाशेजारीच. ब्राम मूलेनारनं 1991 मध्ये विम बाहेर काढलं तरी ती बटणं तशीच राहिली. (नुसतं विम उघडल्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं जे येतं ना, ते ह्या माणसामुळंच. 2023 मध्ये गेला बिचारा.) बाणाची बटणं चालतात बहुतेक ठिकाणी, पण सर्व्हरवर छोटं विम असलं तर लिहिताना बाण दाबल्यावर ए बी सी डी अशी अक्षरं उमटतात. तसं झालं तर विमचं पूर्ण पॅकेज टाकून घ्या.

लांब उड्या मारायला डब्ल्यू पुढचा शब्द, बी मागचा शब्द, शून्य ओळीची सुरुवात, डॉलर ओळीचा शेवट, जी जी म्हणजे फाइलीचा माथा, मोठा जी म्हणजे तळ. एरर आली 42 व्या ओळीवर? 42 टाइप करून मोठा जी.

आता खरा मुद्दा. डी म्हणजे काढ, सी म्हणजे काढून नवीन लिही, वाय म्हणजे उचलून ठेव. ह्यांच्यापुढं कुठपर्यंत ते सांगायचं. डी डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत काढ, डी डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत काढ, डी मोठा जी म्हणजे इथून तळापर्यंत सगळं साफ. अक्षर दोनदा दाबलं की अख्खी ओळ, म्हणजे डी डी, वाय वाय, सी सी. आकडा पुढं लावला की तेवढ्या वेळा, 3 डी डी म्हणजे तीन ओळी. काढलेली किंवा उचललेली ओळ पी नं खाली चिकटते, मोठ्या पी नं वर. हिंडायची बटणं जेवढी माहीत तेवढे हुकूम आपोआप तयार होतात, म्हणून म्हटलं पाठांतर नको.

समजा टॉवेलच्या रेटची फाइल आहे, प्रत्येक ओळीत माल, साइज, जीएसएम (कापडाचं वजन), नग, शेवटी रेट, मध्ये कॉमा. एक ओळ अशी: हॉटेलचा पांढरा, 30 बाय 60, 450, 200, 185. सुताचा भाव वाढला, काही मालाचा रेट 195 करायचाय. त्या ओळीवर डॉलर दाबा, मग सी आय डब्ल्यू, 195 लिहा, एस्केप. पुढच्या ओळीवर परत सगळं नाय करायचं. जे, डॉलर, डॉट. डॉट म्हणजे फुलस्टॉपचं बटण, ते शेवटचा बदल जसाच्या तसा परत करतं. सी डब्ल्यू न वापरता सी आय डब्ल्यू का, तर कर्सर आकड्याच्या कुठल्याही अंकावर असला तरी अख्खा आकडा धरतो, नुसतं सी डब्ल्यू कर्सरपासून पुढचंच धरतं. एवढा डॉट जमला तरी विम शिकल्याचं सार्थक झालं म्हणा.

सगळीकडं एकदम बदलायचं असेल, समजा 450 जीएसएमचं 500 करायचंय, तर कोलन, परसेंट, एस, स्लॅश, 450, स्लॅश, 500, स्लॅश, जी, सी, एंटर. परसेंट म्हणजे अख्खी फाइल, जी म्हणजे ओळीत जितक्यांदा येईल तितक्यांदा, सी म्हणजे प्रत्येक वेळी विचार. तो सी सोडू नका बे, कारण नगाच्या खान्यात पण कुठंतरी 450 असणार, आणि 4500 मधला 450 सुद्धा बदलून 5000 होणार. विचारलं की वाय म्हणजे कर, एन म्हणजे सोड, क्यू म्हणजे बास झालं. नुसतं शोधायचं तर स्लॅश, शब्द, एंटर, पुढचा एन नं, मागचा मोठ्या एन नं.

विंडोजची सवय असलेला माणूस हमखास कंट्रोल एस दाबतो, आणि विम जुनं असेल तर बऱ्याच टर्मिनलात तेवढ्यानं स्क्रीन गोठते, काय टाइप करा दिसत नाय. काही बिघडलेलं नसतं, कंट्रोल क्यू दाबा, सुटतं. कंट्रोल झेड दाबलं तर विम बंद होत नाय, मागं जाऊन बसतो, एफ जी टाइप करून एंटर केलं की समोर येतो.

आता लाइट जाण्याबद्दल, एप्रिल-मेमध्ये हे वाचायलाच पाहिजे. विम तुमच्या फाइलीशेजारी एक स्वॅप फाइल ठेवतो, नावापुढं डॉट आणि शेवटी डॉट एसडब्ल्यूपी. दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की त्यात नोंद होते, म्हणून लाइट गेली तरी बहुतेक काम वाचतं. परत फाइल उघडली की मोठा इशारा येतो, तो न वाचता काहीतरी दाबून पुढं जाऊ नका. आधी बघा त्यात प्रोसेस अजून चालू आहे असं लिहिलंय का. लिहिलं असेल तर तीच फाइल दुसरीकडं कुणीतरी उघडून बसलंय, तुम्ही क्यू दाबून बाहेर या आणि त्याला फोन करा. नसेल तर आर दाबा, जुनं काम परत येतं, नजर फिरवून कोलन डब्ल्यू नं सेव्ह करा. नंतर ती स्वॅप फाइल हातानं डिलीट करावी लागते, नाहीतर दरवेळी तोच इशारा. लांबचं काम असेल तर सर्व्हरवर टीमक्समध्ये विम उघडा, मग घरचं वायफाय गेलं तरी तिकडं सगळं जागच्या जागी चालू राहतं.

आणि एवढं वाचून डोकं तापलं असेल, सर्व्हरवर नॅनो नावाचा सोपा एडिटर असेल, तर तो वापरा, त्यात कमीपणा काय नाय. तिथं मोड नसतात, खालीच बटणांची यादी दिसते, टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल आणि एम अक्षर आणि त्यापुढं डॅश म्हणजे आल्ट. कंट्रोल ओ आणि एंटर सेव्ह, कंट्रोल एक्स बाहेर, कंट्रोल के ओळ काढा, कंट्रोल यू चिकटवा, कंट्रोल डब्ल्यू शोधा. फक्त नॅनोचा हात बसल्यावर विममध्ये जाऊन कंट्रोल ओ दाबलं तर सेव्ह होणार नाय, कर्सर आधीच्या जागी उडी मारेल.