खिशातल्या चाकूसाठी किती पैसे मोजावेत?

खान्देशात खिशात चाकू बाळगणे ही काही नवलाईची गोष्ट नाही. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात, शहाद्याच्या पपईच्या वाडीत किंवा नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात काम करणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा काहीतरी कापावे लागते. नवीन आहे ती चाकूची किंमत. जळगावच्या बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळणारी वस्तू मोबाइलच्या पडद्यावर पंधरा-वीस हजारांना दिसू लागली आहे. मग एवढे पैसे वसूल होतात का, असा प्रश्न साहजिकच पडतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. साधारण दीड हजार ते चार हजार रुपयांपर्यंतचा प्रत्येक वाढीव रुपया कामात दिसतो. त्यापुढचे पैसे मुख्यतः फिनिशिंगसाठी, दुर्मीळ पोलादासाठी आणि हौसेसाठी जातात. हौस वाईट नाही, परंतु तिची नोंद गरजेच्या खात्यात करू नये.

खरेदीपूर्वी एक आठवडा आपण नेमके काय कापतो, ते डायरीत टिपून ठेवावे. बहुतेकांच्या यादीत सुतळी, प्लास्टिकची दोरी, बारदान, पुठ्ठ्याची खोकी, ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे सरीतली नळी, आणि दुपारच्या डब्याबरोबर काकडी, कांदा किंवा पेरू एवढेच निघेल. केळीचा घड उतरवणे आणि वाळलेली पाने साफ करणे ही विळ्या-कोयत्याची कामे आहेत. या कामांसाठी घडीचा चाकू कितीही महाग घेतला, तरी तो अपुराच पडेल आणि त्याची बिजागरी ढिली होईल. खताच्या गोणीचे तोंड उघडण्यासाठी तर चाकूची गरजच नसते. शिलाईच्या योग्य टोकाची गाठ सोडून दोरा ओढला की संपूर्ण शिवण सरसर उसवते आणि गोणी पुन्हा वापरण्याजोगी राहते. अशी कामे यादीतून वगळल्यावर जे उरते, त्याच्यासाठी सात-आठ सेंटिमीटरचे पातळ पाते पुरेसे होते.

आता पैसे कशाचे मोजायचे ते पाहू. अगदी स्वस्त चाकूचा मूळ दोष पोलाद हलक्या प्रतीचे असणे हा नसतो, तर पोलादाला पाणी नीट दिलेले नसणे हा असतो. तापवून विझवण्याची प्रक्रिया चुकली, तर पाते मऊ राहते आणि धार सुतळी कापतानाच एका बाजूला दुमडते, किंवा पाते ठिसूळ होऊन टोक उडते. हे दुकानात ओळखता येत नाही, मात्र घरी आणल्यावर लगेच कळते. धार लावून वीस-पंचवीस वेळा पुठ्ठा कापावा आणि मग अंगठा पात्याच्या बाजूने धारेकडे, धारेला आडवा, हलकेच सरकवावा. एका अंगाला बारीक कंगोरा लागला, तर धार वळली असे समजावे. दुसरा दोष खटक्याचा असतो. पाते उघडल्यावर अडकवून ठेवणारी पट्टी पातळ किंवा तिरकी बसलेली असेल, तर जोर लावताना पाते बोटांवर मिटू शकते. हा धोका टाळण्यासाठी जादा पैसे देणे ही चैन म्हणता येणार नाही.

मधल्या किमतीत दोन नावे वारंवार पुढे येतात. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात १८८४ मध्ये कार्ल एल्सेनर यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून आजच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची वाढ झाली आणि अधिकाऱ्यांसाठीचा तिचा प्रसिद्ध चाकू १८९७ चा आहे. त्याचे पोलाद रॉकवेल मापावर सुमारे ५६ एवढेच कठीण असते. महागड्या चाकूंचे शौकीन या आकड्याला नाक मुरडतात, पण या मऊपणामुळेच ते पाते घरच्या साध्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा धारदार होते; शिवाय स्टेनलेस असल्याने ते सहसा गंजतही नाही. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातील ओपिनेलचा चाकू १८९० पासून बनतो. त्याच्या मानेवरची फिरती कडी १९५५ पासून आली आणि ती फिरवली की पाते घट्ट अडकते. त्याचे ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असून इतके पातळ असते, की टोमॅटो न चिरडता त्याच्या फोडी होतात. दोष एकच. मूठ लाकडाची असल्याने पावसाळ्यात ती फुगते आणि पाते बाहेर काढताना नख मोडायची वेळ येते. आषाढ-श्रावणात शेतात वावरणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

दहा हजारांच्या पुढे मात्र विकले जाते ते प्रामुख्याने पोलाद. एस३०व्ही हे पोलाद अमेरिकेतील क्रूसिबल कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणले. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. एम३९० आणि २०२१ मध्ये आलेले मॅग्नाकट ही त्याच पंक्तीतली नावे. अशी पोलादे वितळलेल्या धातूची बारीक पूड करून आणि ती दाबून एकजीव करून बनवली जातात, त्यामुळे त्यांच्यातील कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कण लहान आणि सारखे पसरलेले राहतात. हे कण अतिशय कठीण असल्याने पुठ्ठा, दोरी आणि कागद कापताना धार दीर्घकाळ टिकते. ही जाहिरातबाजी नाही, हा गुण खरा आहे. परंतु त्याची दुसरी बाजू विक्रेते सांगत नाहीत. व्हॅनेडियम कार्बाइड हे साध्या धारेच्या दगडातील अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असते, म्हणून असे पाते एकदा बोथट झाले की दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर ते घासत बसावे लागते, तापते आणि धारेचे पाणी उतरण्याची भीती राहते. त्यासाठी हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी लागते आणि तिचा खर्च चाकूच्या किमतीत धरावा लागतो.

येथे मातीचा मुद्दा येतो आणि खान्देशापुरता तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठिबकची लॅटरल सरीतून उचलली की तिच्यावर माती आणि रेतीचा थर असतो. रेतीतला क्वार्ट्झचा कण कोणत्याही चाकूच्या मूळ पोलादापेक्षा कठीण असतो. त्यामुळे तीन हजारांचे पाते असो वा अठरा हजारांचे, रेतीसकट नळी कापली की धारेवर पांढरी चमकणारी रेघ दिसू लागते आणि ती बोथटपणाचीच खूण असते. यावरचा उपाय फुकट आहे. जेथे काप द्यायचा तेवढी नळी ओल्या फडक्याने पुसावी, ती बोटांत किंचित वाकवून ताण द्यावा आणि पाते दाबण्याऐवजी टाचेपासून, म्हणजे मुठीजवळच्या भागापासून, टोकापर्यंत ओढून घ्यावे. काप काटकोनात येतो, जोडणी गळत नाही आणि धारही वाचते. बारदानाचेही तसेच आहे, ते झटकूनच कापावे. एवढी शिस्त पाळली तर साधे पोलाद महाग पोलादाच्या बरेच जवळ जाते.

पात्याची बांधणी हा दुसरा दुर्लक्षित भाग आहे. कित्येक महागडे चाकू दणकट दिसावेत म्हणून त्यांची पाती तीन-साडेतीन मिलिमीटर जाड ठेवलेली असतात आणि धारेच्या लगतही ती पुरेशी पातळ केलेली नसतात. असा चाकू दोरी उत्तम कापतो, पण कांदा कापण्याऐवजी त्याचे दोन तुकडे फाकवतो. भरीत पार्टीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर टाकण्याआधी हिरव्या वांग्याला चीर द्यायची असते, तेव्हा हा फरक स्पष्ट दिसतो. पातळ पाते सालीत अलगद शिरते, तर जाड पाते साल चिरडत आत जाते. खरेदी करताना पात्याकडे टोकाच्या बाजूने पाहून ते पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळते होते की नाही, याची खात्री करावी. पोलादाचे नाव नंतर विचारले तरी चालेल.

ज्यांना आकड्यांतच समाधान मिळते, त्यांच्यासाठी एक ढोबळ हिशेब मांडतो. तीन हजारांच्या चाकूला आठवड्यातून दहा मिनिटे धार लावावी लागते असे धरले, तर वर्षाला साधारण साडेआठ तास होतात. अठरा हजारांच्या चाकूला याच्या एक तृतीयांश वेळ लागतो असे मान्य केले, तरी बचत सहा तासांच्या आतच राहते. आठ तासांच्या दिवसाची किंमत पाचशे रुपये धरल्यास वर्षाला पावणेचारशे रुपये वाचले. वरचे पंधरा हजार फिटायला चाळीस वर्षे लागतील. गोदामात दिवसभर खोकी फोडणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा येईल, पण त्याच्यासाठी पाते बदलता येणारा कटर आणखी स्वस्त पडतो. टायटॅनियमची मूठ, बेअरिंगवर फिरणारे पाते आणि केसाएवढीही फट नसलेली जोडणी यांचा आनंद ज्याला खरोखर होतो, त्याने तो आनंद म्हणूनच विकत घ्यावा. मात्र ओरखडा उठेल या भीतीने तो चाकू कपाटात राहणार असेल, तर मळ्यात जाताना खिशात शेवटी दोनशे रुपयांचाच चाकू असेल.

दुकानात चाकू हातात मिळाल्यास घाई करू नये. पाते पूर्ण उघडून दोन बोटांत धरावे आणि डावीकडे-उजवीकडे, नंतर वर-खाली हलवून पाहावे. खटका असलेल्या चाकूत जरासुद्धा खडखड जाणवू नये. मग धार बोटांपासून दूर ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवून दाबावी. खटका निसटला, तर किंमत कितीही असो, तो चाकू परत करावा. मिटवलेले पाते मुठीच्या मधोमध बसते का, चाकू उलटा धरून झटका दिल्यास आपोआप उघडत तर नाही ना, आणि घामाने ओल्या झालेल्या हातातही मूठ घट्ट राहील का, हेही पाहावे. वैशाखात जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा गुळगुळीत धातूची मूठ हातात टिकत नाही. खडबडीत प्लास्टिकची मूठ दिसायला साधी असली तरी तेव्हा तीच उपयोगी पडते. नामांकित चाकूंच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत, म्हणून भाव विश्वास बसणार नाही इतका कमी असेल तर पक्क्या पावतीशिवाय व्यवहार करू नये.

चाकूच्या आधी दगड घ्यावा, असा माझा आग्रह आहे. एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा दगड काही शे रुपयांना मिळतो. तो ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. पाते दगडाशी सुमारे वीस अंशांत धरावे. काटकोनाचा निम्मा, म्हणजे ४५ अंश, आणि त्याच्याही निम्म्याहून किंचित कमी, असा अंदाज डोळ्यांनी सहज येतो. एका बाजूने घासत राहावे आणि दुसऱ्या अंगाला टाचेपासून टोकापर्यंत कंगोरा लागेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेकांची धार येथेच बिघडते, कारण कंगोरा येण्याआधीच ते पाते उलटे करतात. दोन्ही अंगांना कंगोरा आला की बारीक बाजूवर हलक्या हाताने आलटून-पालटून घासावे आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, दहा-बारा वेळा ओढावे. वर्तमानपत्राचा कागद नुसता हवेत धरून सरळ कापला गेला, तर काम झाले.

केळीच्या आणि पपईच्या चिकाबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. केळीच्या चिकातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा डाग तयार करते. कार्बन पोलादाचे पाते एका दुपारीच काळेनिळे होते, तर स्टेनलेसवर चीक वाळून चिकटून बसतो. काम संपताच पाते पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावे, वाळवावे आणि कार्बन पोलाद असल्यास खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा. बिजागरीत मात्र शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घालू नये, कारण ते कालांतराने चिकट होऊन त्यात धूळ बसते. तेथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. डी२ या पोलादाला स्टेनलेस समजून अनेक जण फसतात. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असले तरी बराचसा भाग कार्बाइडमध्ये अडकलेला असतो, म्हणून पावसाळ्यात घामट खिशात ते हमखास डागाळते.

शेवटी कायद्याची बाजू. २०१६ च्या शस्त्र नियमांतील शस्त्रांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आठ सेंटिमीटरचा चाकू या मापाच्या खूपच आत बसतो. तरीही सणासुदीला किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्या-चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. त्या दिवसांत चाकू मळ्यातल्या खोलीतच राहू द्यावा. सारंगखेड्याची यात्रा असो वा एखादा मोर्चा, गर्दीत तो खिशात नेण्याचे काहीच कारण नाही. जळगावहून विमानाने निघायचे असेल, तर तो आदल्या रात्रीच हातातल्या पिशवीतून काढून चेक-इनच्या बॅगेत ठेवावा, कारण सुरक्षा तपासणीत अडवलेला चाकू बहुधा परत मिळत नाही, मग तो दोनशेचा असो वा अठरा हजारांचा.